भाच्याच्या गाडीचं चाक

गेल्या श्रावणात अक्का आणि भाचा गोकाकहून आमच्याकडं आले. गाडी अंगणात थांबली, अक्का उतरली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, ‘ह्याच्या गाडीचं चाक बोलायला लागलंय बघ. प्रत्येक वळणाला टक् म्हणतंय.’

भाचा हसला. ‘काही नाही मामा, नवं आहे. चामडं बसायला वेळ लागतोय.’

मी उद्यमबागेत 34 वर्षं लेथवर काढली. चामडं करकरतं, टक् म्हणत नाही. टक् म्हणतं ते लोखंड.

आधी माझी चूक सांगतो. त्याच्या सहा महिने आधी हा पोरगा एक खोकं घेऊन माझ्याकडं आला होता. आत काळ्या चामड्याचं, तीन दांड्यांचं, 35 सेंटिमीटर व्यासाचं मोमोचं स्टीअरिंग. दाजींची 2003 सालची फोर्ड आयकॉन, 1.6 इंजिनची, आता ह्याच्या ताब्यात आहे. वाचकांपैकी चाळिशी ओलांडलेल्यांना ती गाडी आठवत असेल. 1999 च्या अखेरीस बाजारात आली आणि ‘जोश मशीन’ म्हणून तिची जाहिरात व्हायची. गाडी हलकी आणि इंजिन दमदार, म्हणून वेगाची हौस असलेली पोरं अजूनही ती शोधून शोधून घेतात. भाच्याला ती घेऊन कोइमतूरच्या करी ट्रॅकवर एकदा पळवायची होती. म्हणाला, ‘मामा, याचा हब तेवढा करून द्या की.’

मी काय म्हणालो? ‘बापाच्या गाडीचं खेळणं करायला माझा लेथ नाही.’ वर चार शब्द आणखी. पोरगा खोकं उचलून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

मी नाही म्हणालो म्हणून त्याची हौस थोडीच संपणार होती? तो दुसरीकडं गेला. एका ॲक्सेसरीच्या दुकानात तासाभरात चाक बसवून मिळालं. कुठलं दुकान, ते सांगत नाही. अशी दुकानं गावोगाव आहेत.

हौसेबद्दल दोन शब्द. इटलीचा जानपिएरो मोरेत्ती हा स्वतः गाड्या पळवणारा माणूस. त्यानं आपल्या गाडीसाठी जाड मुठीचं चाक करून घेतलं, ते दुसऱ्यांना आवडलं. 1964 साली जॉन सर्टीज फेरारीतून जगज्जेता झाला, त्याच्या हातात मोरेत्तीचं चाक होतं. मोरेत्ती आणि मोंझा या नावांची पहिली अक्षरं जोडून ‘मोमो’ झालं. मोंझा म्हणजे मिलानजवळचा शर्यतीचा ट्रॅक. त्याच्या आधी एन्रिको नार्दीची लाकडी चाकं प्रसिद्ध होती. तेव्हा ही आवड काही आजच्या पोरांनी काढलेली नाही.

फायदा खराही आहे. चाक लहान झालं की हात कमी फिरवावे लागतात, मूठ जाड असली की पकड पक्की बसते. त्याची किंमतही आहे. कंपनीचं चाक साधारण 38 सेंटिमीटरचं असेल आणि तुम्ही 35 चं बसवलं, तर तरफेचा दांडा आखूड झाला. तेवढंच वळवायला हाताला आठ-नऊ टक्के जोर जास्त लागतो. पॉवर स्टीअरिंग असेल तर जाणवत नाही. जुन्या, बिनपॉवरच्या गाडीत बाजारपेठेच्या गर्दीत गाडी लावताना खांदे सांगतात.

आता मूळ गोष्ट. बाहेरून घेतलेलं चाक थेट गाडीच्या दांड्यावर बसत नाही. मध्ये हब लागतो, कोणी त्याला बॉस म्हणतात. हबचं एक तोंड चाकाकडं असतं, तिथं सहा स्क्रू. मोमो, स्पार्को, ओएमपी यांची भोकं 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर, नार्दीची 74 वर. म्हणून एकाचा हब दुसऱ्याला चालत नाही. दुसरं तोंड गाडीकडं. स्टीअरिंगच्या दांड्यावर बारीक उभे दात कापलेले असतात, त्यांना आम्ही स्प्लाइन म्हणतो. हबच्या पोटात तसेच दात हवेत. तितकेच, त्याच व्यासाचे, त्याच खोलीचे.

पुष्कळांना वाटतं की मधला मोठा नट चाक धरून ठेवतो. नट फक्त चाक हातात निघून येऊ देत नाही. वळवण्याचा सगळा जोर दात पेलतात. दात जुळत नसतील तर नट कितीही आवळा, ते नुसत्या घर्षणावर चाललेलं असतं, आणि एका दिवशी चाक फिरतं पण गाडी सरळ जाते.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी भाच्याला म्हटलं, ‘चल, उघडू.’ तो टाळत होता. मग दाजींचा फोन आला आणि ते कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, ‘मामा हेळिद्दु केळु.’ मामा सांगतील ते ऐक. एरवी दाजी फोनवर हवापाण्यापलीकडं बोलत नाहीत.

बॅटरीची वायर काढली. पुढची चाकं सरळ केली. हॉर्नचं बटण उचकटलं, सहा स्क्रू काढले, चाक बाजूला ठेवलं. नट सैल केला पण पूर्ण काढला नाही, चार आटे ठेवले. म्हणजे हब अचानक सुटला तर तोंडावर येत नाही. ही सवय लावून घ्या. मग पुलर लावायचा म्हणून हात घातला, तर पुलरची गरजच पडली नाही. हब बोटांनी हलला.

बाहेर काढल्यावर आतून पत्र्याची पट्टी खाली पडली. तेलाच्या डब्याचा असतो तसा पातळ पत्रा, कात्रीनं कापून दांड्याभोवती गुंडाळलेला. हब दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. भोक मोठं, म्हणून फट भरायला पत्रा, आणि वरून नट आवळलेला. हबचे दात ॲल्युमिनियमचे, दांड्याचे पोलादी. ॲल्युमिनियमच्या दातांची टोकं घासून चकचकीत झाली होती आणि राखाडी पूड दांड्यावर बसली होती. टक् आवाज कुठून येत होता, ते समोर होतं.

मी व्हर्निअर आणला. भाचा म्हणाला, दात मोजू या. तो मोजायला लागला, ‘ओंदु, एरडु, मूरु...’ मी शेजारून मराठीत. दोघांचा आकडा एकानं चुकला. परत मोजलं, परत चुकला. शेवटी अक्का खडू घेऊन आली, एका दातावर खूण केली आणि म्हणाली, ‘आता एकानंच मोजा.’ आकडा इथं देत नाही. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांतही तो वेगळा असू शकतो, आणि माझा आकडा वाचून कोणी हब मागवायला नको.

भाचा पट्टी हातात धरून बराच वेळ बसला होता. मग म्हणाला, ‘मामा, आम्ही ह्याच्यावर गोकाकहून आलो. आई शेजारी होती. हायवेला शंभरच्या वर होतो मी.’

मी काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी मी त्याला बसवून हेच सगळं समजावलं असतं, तर तो त्या दुकानात गेला नसता. माझ्या कपाटात व्हर्निअर होता, लेथ होता, वेळही होता.

संध्याकाळी अक्का चिडली ती माझ्यावर नाही, त्याच्यावरही नाही. कंपनीचं जुनं चाक दुकानात ठेवून आला म्हणून चिडली. फोन केला तर नशिबानं ते तिथंच कोपऱ्यात पडलेलं होतं. भाचा दुसऱ्या दिवशी बसनं जाऊन घेऊन आला. फोर्डनं भारतात गाड्या बनवणं बंद केल्याची घोषणा 2021 साली केली. अशा गाडीचा मूळ भाग एकदा हातचा गेला की भंगारबाजारात धुंडाळत बसावं लागतं.

‘आता तरी हब तुम्हीच करा,’ भाचा म्हणाला. मी परत नाही म्हणालो, पण ह्या वेळी कारण सांगून. स्प्लाइन कापणं मला जमतं. आमच्या बेळगावात क्रँकशाफ्ट घासले जातात, हत्तरगीला विमानाचे भाग बनतात, स्टीअरिंगचा हब करणं काही जगावेगळं नाही. पण चांगल्या हबमध्ये दातांचा गाभा पोलादी असतो, आणि चांगल्या कंपन्यांच्या काही हबना मधे चुरगळणारा भाग ठेवलेला असतो. गाडी धडकली आणि चालकाची छाती चाकावर आदळली तर तो दबतो. मी ठोस पोलादाचा गोळा करून दिला तर दिसायला उत्तम, आणि धडकेत छातीसमोर घण. मूळ दांडासुद्धा दबणारा असतो. 1967 च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सनं असे दांडे आपल्या गाड्यांत घातले आणि पुढं त्याचे नियम झाले. म्हणूनच चाक निघत नसेल तर दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नये. काही गाड्यांत आत प्लास्टिकच्या पिना असतात, त्या ठोक्यानं तुटतात आणि बाहेरून कळतही नाही.

शेवटी त्याच मॉडेलसाठी म्हणून मिळणारा हब मागवला. यायला पाच आठवडे लागले. बसवायच्या आधी दात पुन्हा जुळवून पाहिले. हब हातानं, न ठोकता, शेवटपर्यंत गेला. नट नवा घातला, टॉर्क रेंच लावून गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं आवळला. हबच्या मागं इंडिकेटर परत आणणारी खुंटी असते, ती आपल्या खाचेत बसली की नाही ते पाहिलं; ती चुकली तर इंडिकेटर परत येत नाही किंवा मोडतो. चाक सरळ बसवायलाही धीर लागतो. दांड्याला समजा 36 दात असतील, तर एक दात चुकला की चाक 10 अंश वाकडं.

मग पुढची बाजू जॅकवर उचलून चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं. काही घासत नाही, वायर ताणत नाही, हे पाहून चाक धरून जोरात ओढलं, ढकललं, वरखाली हलवलं. त्यानंतर शेजारच्या मोकळ्या आवारात वीसच्या वेगानं आठाचा आकडा काढायला लावला. भाचा आठ काढत होता आणि अक्का कंपाउंडच्या भिंतीवर बसून ‘निधान, निधान’ म्हणत होती. सावकाश म्हणायचं झालं की तिला आता कन्नडच आठवतं.

ही गाडी जुनी आहे, हिच्या चाकात एअरबॅग नाही, म्हणून एवढं तरी करता आलं. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती चाकाच्या पोटात असते. तिथं बाहेरचं चाक बसवणं म्हणजे एअरबॅग काढून टाकणं. कोणी म्हणेल, रेझिस्टर लावून डॅशबोर्डवरचा दिवा विझवून देतो. दिवा विझतो, एवढंच. आणि एअरबॅग ही स्फोटकानं फुगणारी वस्तू आहे. बॅटरी काढल्यावरही काही मिनिटं वीज साठून राहते. घरच्या पोरांनी तिथं हात घालू नये, हे मी कुठल्याही भाच्याला सांगेन आणि ह्या वेळी चहा देऊन सांगेन.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याच्या कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते ती वेगळी. तेव्हा आम्ही ठरवलं ते असं, की रस्त्यावर कंपनीचं चाक आणि ट्रॅकवर मोमो. हबसकट बदलायला आता भाच्याला पाऊण तास लागतो. खडूची खूण तो अजून करतो.

कोइमतूरला तो डिसेंबरात जाऊन आला. वेळ काय आली ते त्यानं मला दोनदा सांगितलं, मला लक्षात नाही. परत आल्यावर त्यानं जुनं चाक चढवलं, मला फोटो पाठवला. चाकाच्या वरच्या बाजूला दाजींच्या हातांनी वीस वर्षांत गुळगुळीत केलेली जागा फोटोतही दिसते.

परवा अक्काचा फोन. म्हटलं, आता चाक बोलत नाही ना?

‘चाक गप्प आहे,’ ती म्हणाली, ‘पण डावीकडं वळलं की हॉर्न वाजत नाही. बाजारात गाईसमोर खिडकीतून ओरडावं लागतं मला.’

हॉर्नच्या पितळी कड्याला टेकणारी स्प्रिंग वाकली असणार. रविवारी या म्हटलंय.