एकच औषध, वेगवेगळी शरीरे



पावसाळ्यात परभणी जिल्ह्यातील गावोगावी डास वाढतात. घरात कोणाला तरी थंडी वाजून ताप येतो. तेव्हा अम्मी म्हणते, "भाईजानच्या गोळ्या उरल्या आहेत. त्याच घे." ताप तसाच, गोळीही तीच. मग ती घेतली तर काय बिघडले? चला, याचे उत्तर शोधू या.

हिवतापाच्या एका प्रकारात रोगजंतू यकृतात लपून राहतात. त्यांना मारण्यासाठी डॉक्टर बहुधा १४ दिवस प्रायमाक्विनच्या गोळ्या देतात. बहुतेकांना त्या मानवतात. काहींची मात्र लघवी काळसर होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. कारण त्यांच्या रक्तातील लाल पेशी फुटू लागतात.

असे का होते? लाल पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर असते. ते पेशींचे रक्षण करते. काहींमध्ये हे विकर जन्मतःच कमी असते. एरवी अशी माणसे निरोगी असतात. त्यांना स्वतःलाही या उणिवेची कल्पना नसते. १९५६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हे कारण शोधून काढले. ही उणीव जनुकांतून येते आणि मुलींपेक्षा मुलांत अधिक दिसते. मुलाला ती आईकडून मिळते.

मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात एक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथे रक्ताच्या अशा आनुवंशिक विकारांचा अभ्यास होतो. पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत ही उणीव अधिक आढळते. परंतु ती कोणत्याही समाजातील माणसात असू शकते. नाव किंवा चेहरा पाहून ती ओळखता येत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते. शिवाय तिला कलंक समजू नये. ती हिवतापापासून थोडे संरक्षणही देते, असे शास्त्रज्ञ मानतात!

क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधाचेही असेच आहे. काहींचे यकृत ते लवकर निकामी करते, तर काहींचे सावकाश. भारतात सावकाश करणारे बरेच आहेत, जपानमध्ये थोडे. औषध शरीरात जास्त वेळ राहिले तर हातापायांना मुंग्या येऊ शकतात. त्या येऊ नयेत म्हणून डॉक्टर बी-६ जीवनसत्त्व देतात.

ईदचे कपडे शिवताना शिंपी प्रत्येकाचे माप घेतो. भाईजानचा कुर्ता तुम्हाला नीट बसत नाही. मग त्याची गोळी तरी तुम्हाला मानवेलच असे कसे म्हणावे? माणसाची जनुके पाहून औषध ठरवण्याचे शास्त्र आज वाढत आहे.

तेव्हा दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेले औषध भीतीने मध्येच सोडूही नका. त्रास झाला तर लगेच आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. आणि हे आज घरी अम्मीलाही समजावून सांगा.

शब्दार्थ
हिवताप – मलेरिया
मानवणे – प्रकृतीला सोसणे
उणीव – कमतरता
कलंक – बट्टा, डाग

स्वाध्याय
१. प्रायमाक्विनमुळे काहींच्या लाल पेशी का फुटतात?
२. लेखकाने शिंप्याचे उदाहरण का दिले आहे?
३. उरलेल्या गोळ्यांविषयी अम्मीशी होणारा संवाद पाच-सहा वाक्यांत लिहा.