उशिराचं कारण : गवे

मोंटानातल्या रेड लॉज गावातून सकाळी निघालो, तेव्हा आबा पुढच्या सीटवर होते. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. निम्मी नोकरी राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाटात गेलेली. अमेरिकेत आल्यापासून मात्र ते गप्पगप्पच होते. ‘‘बघू तरी, तुमचा घाट कसला असतोय,’’ म्हणत त्यांनी पट्टा लावला.

१९३६मध्ये खुला झालेला बेअरटूथ हायवे साधारण ६८ मैलांचा. वळणं घेत घेत तो १०,९४७ फुटांवर पोचतो. हिवाळ्यात बंद असतो. मेअखेरीस बर्फ काढून सुरू करतात. आम्ही जूनमध्ये गेलो, तरी रस्त्याकडेला बर्फाच्या भिंती होत्या. वर कड्यावर पांढऱ्या, केसाळ पहाडी शेळ्या. ‘‘अगं बाई, ह्या पडत कशा नाहीत!’’ आई म्हणाली.

उतारावर मी सारखा ब्रेक दाबत होतो. आबा म्हणाले, ‘‘घाट गिअरवर उतरायचा, ब्रेकवर नव्हं.’’ ऑटोमॅटिक गाडीतला खालचा गिअर मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला.

कुक सिटी मागं टाकून यलोस्टोनमध्ये शिरलो. लामार खोऱ्यात नदीकाठी बायसनचे कळपच्या कळप, सोबत लालसर वासरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या उद्यानात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते, हे आता खरं वाटत नाही. एका वळणावर कळप रस्त्यावरच आला. बायसनपासून २५ यार्ड, म्हणजे ७५ फूट लांब राहायचं, हा नियम मला माहीत होता. तरी फोटोसाठी मी दार उघडून एक पाय खाली टाकलाच.

‘‘आत बस! शेपटी बघ त्याची!’’

आबांचा असा आवाज शाळेनंतर प्रथमच ऐकला. जवळच्या नराची शेपटी ताठ उभी होती. मी दार ओढून घेतलं. तो चार पावलं धावून आला, थांबला, फुरफुरला आणि वळला. माझे हात थरथरत होते.

‘‘गवा काय नि हा काय, एकाच कुळातले,’’ आबा शांतपणे म्हणाले. ‘‘दाजीपूरला आडवा आला की इंजिन बंद. हॉर्न नाही. प्रवासी कुरकुरायचे. डेपोत उशिराचं कारण लिहायचो, गवे. साहेबांनी कधी विचारलं नाही.’’

पाऊण तास थांबलो. आबा बोलत होते, आम्ही ऐकत होतो. रात्री हॉटेलात पोचलो, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी उशिराचं कारण विचारलं. मी काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, ‘‘बायसन.’’

बाई हसल्या आणि त्यांनी किल्ली पुढं केली.