खारेपाटातलं भात

शेतात घोटाभर पाणी उभं आणि त्याच पाण्यात रोप तहानेनं वाळतंय! अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, बांध फुटून भरतीचं पाणी शिरलं, की भातरोपांची अशी गत होते. मीठ पाण्याला धरून ठेवतं, मुळांना ते ओढता येत नाही. ही पहिली इजा. दुसरी सावकाश होते. पाण्याबरोबर आत गेलेलं सोडियम पानांत साठतं, पेशींत पोटॅशियमची जागा बळकावतं आणि जुनी पानं शेंड्याकडून करपू लागतात.

मातीच्या अर्कातून वीज किती वाहते, यावरून खारटपणा मोजतात. हा आकडा मीटरला 4 डेसिसीमेन्सच्या वर गेला, की जमीन खारी. बार्ली 8 पर्यंत दाद देत नाही. भाताचं उत्पादन मात्र 3 नंतरच घटू लागतं, पुढच्या प्रत्येक अंकाला साधारण 12 टक्के. सातच्या आसपास निम्मं पीक गेलेलं असतं.

तरीही खारात भातच लावतात, कारण तुंबलेल्या पाण्यात दुसरं पीक तगत नाही आणि पावसाचं गोडं पाणी मीठ धुऊन नेतं. शिवाय सगळ्या जाती सारख्या नाजूक नसतात. केरळची पोक्कली, बंगालची नोना बोक्रा, गोव्याच्या खाजणातला कोरगूट, आपला तांबडा राता या खाऱ्या मातीतच पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या. नोना बोक्रातलं एक जनुक 2005 साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी उलगडलं. त्यापासून बनणारं प्रथिन वर चढणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच काढून घेतं, म्हणून पानं वाचतात.

पण नुसतं रोप जगलं म्हणून जात क्षार सोसणारी ठरवणं मला घाईचं वाटतं. भात रुजताना मीठ बऱ्यापैकी सोसतं, रोपावस्थेत हळवं होतं, फुटवे येताना सावरतं आणि फुलोऱ्यात पुन्हा हळवं होतं. तेव्हा पावसानं ओढ दिली आणि मीठ वर आलं, तर हिरव्यागार शेतात लोंब्या पोचट निघतात. लोंबी भरली तरच जात खरी.

पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं अशा जमिनीसाठी पनवेल-1, 2 आणि 3 या जाती दिल्या आहेत. मात्र फुटलेल्या बांधाची भरपाई कुठलीच जात करत नाही. म्हणून बियाणं निवडण्याआधी माती तपासून घ्या, पावसाआधी बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दुरुस्त करा आणि घरात रात्याचं बी असेल तर ते मोडू नका.