पादचाऱ्याची वहिवाट

ज्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्या काळी सायकलस्वारामागे कायद्याचा ससेमिरा बराच असे. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला पितळी बिल्ला सायकलीला लावणे सक्तीचे होते, दिवा नसलेली सायकल रात्री चौकातल्या पोलिसाच्या दृष्टीस पडली तर चाकातली हवा सोडली जाण्याचा संभव असे, आणि कॅरिअरवर मित्राला बसवून डबलसीट निघालेल्या विद्यार्थ्याला दंडाची पावती खिशात घालून उरलेली वाट पायी तुडवावी लागे. तरीही ही सारी बंधने सोसणाऱ्या सायकलस्वाराला रस्त्यावर एक प्रतिष्ठा होती. कारण खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली म्हणजे सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे, त्यापुढे मोटारीला आपला वेग आवरता घ्यावाच लागे. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली, मग हप्त्यांवर मोटार आली, आणि २०१८च्या सुमारास पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येला मागे टाकून गेल्याचे जाहीर झाले. आज सायकलीला बिल्ला लागत नाही, दिव्याची चौकशी कोणी करीत नाही. सायकलस्वाराची कर्तव्ये माफ झाली आणि त्यांच्यासोबत रस्त्यावरची त्याची जागाही गेली. पायी चालणाऱ्याची कथा याहून निराळी नाही.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक आणि दिवसाला सुमारे ९०. त्याखेरीज ४,८३६ सायकलस्वार. ज्यांच्यापाशी इंजिन नाही, ज्यांच्याकडून दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका पोहोचण्याचा संभव जवळपास नाही, अशी ही माणसे. अपघात घडल्यावर रीतसर पंचनामा होतो, चालकाचा निष्काळजीपणा किंवा पादचाऱ्याचे ‘अचानक आडवे येणे’ कागदावर नोंदले जाते. परंतु त्या ठिकाणी पदपथ किती रुंद होता, रस्ता ओलांडण्याची जागा किती दूर होती आणि डोक्यावरचा दिवा जळत होता की नाही, हे प्रश्न खटल्याच्या केंद्रस्थानी क्वचितच येतात. दोष एका व्यक्तीच्या माथी बसतो, आणि ज्या रस्त्याच्या रचनेने त्या दोषाला प्राणघातक केले तो रस्ता दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा रहदारीला मोकळा होतो. पादचाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार करावयाचा तर तो या रचनेपासून करावा लागेल.

रचनेतही पहिला विचार वेगाचा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला ८ मीटरांहून किंचित अधिक अंतर कापते. समोर मूल धावत आले हे चालकाच्या ध्यानी येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सामान्यतः एक सेकंद जातो, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर वाहन आणखी पाचएक मीटर घसरते. म्हणजे सुमारे १३ मीटरांत ते थांबते. तेच वाहन ताशी ५० किलोमीटर वेगाने चालले असेल, तर त्या पहिल्या सेकंदातच ते १४ मीटर पुढे गेलेले असते. पहिले वाहन ज्या ठिकाणी निश्चल उभे राहिले, त्या ठिकाणी दुसऱ्याचा वेग यत्किंचितही उतरलेला नसतो, आणि मूल तेथे असेल तर त्याच्यावर ते पूर्ण वेगाने आदळते. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ३०चे ५० झाले म्हणजे ती पावणेतीन पट होते. ताशी ३०च्या आघातातून बहुतेक पादचारी वाचतात, आणि त्यापुढे वेग वाढत जाईल तसतसा मृत्यूचा संभव झपाट्याने वाढत जातो, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे. जेथे माणसे आणि मोटारी एकाच रस्त्यावर मिसळतात तेथे वेगमर्यादा ३० असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ती याच कारणाने. घाईच्या चालकाला वीस किलोमीटरांचा हा फरक क्षुल्लक वाटतो; सिग्नलागणिक थांबणाऱ्या शहरी प्रवासात त्याने वाचणारा वेळही क्षुल्लकच असतो.

वेगानंतर पदपथ. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पादचाऱ्यांच्या सोयींविषयी मानके घालून दिली आहेत. चालण्यासाठी निर्वेध जागा किमान १.८ मीटर रुंद असावी, जेणेकरून चाकांच्या खुर्च्या दोन्ही दिशांनी एकमेकींना ओलांडू शकतील. आणि पदपथाची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी. आता आपल्या शहरांतील कोणताही वर्दळीचा रस्ता घेऊन त्याच्या कडेने शंभर पावले चालून पाहावे. सुरुवातीलाच पायरी इतकी उंच की गुडघेदुखी असलेल्या माणसाने कठडा शोधावा. पुढे महावितरणची डीपी, तिच्या दाराला कुलूप नसल्याने तिच्यापासून दोन हात दूर राहणे भाग. मग दुकानदाराने आपल्या पायऱ्या बाहेर काढलेल्या. मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, ज्यांच्यापैकी एखादा पाऊल पडताच डुलतो आणि पावसाळ्यात खालचे पाणी थेट धोतराच्या किंवा साडीच्या काठावर उडवतो. आणि पदपथ जरा सपाट, जरा रुंद सापडलाच, तर सिग्नलला कंटाळलेले दुचाकीस्वार मागून भोंगा वाजवीत त्यावर चढलेले. अशा वाटेवरून जाण्यापेक्षा पादचारी रस्त्यावर उतरतो, आणि उतरताच तो बेशिस्त ठरतो.

याचे मूळ रस्ता आखण्याच्या पद्धतीत आहे. नकाशावर रस्त्याचा मध्य धरून प्रथम मोटारींच्या मार्गिका आखल्या जातात, नंतर वाहनतळाची तजवीज होते, आणि दोन्ही बाजूंना जी पट्टी उरेल ती पदपथाच्या नावे खर्ची पडते. ती कोठे दोन मीटर भरते, कोठे हातभर, आणि रुंदीकरणाची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. क्रम उलटा हवा. रस्त्याच्या कडांपासून आखणी सुरू करून आधी पदपथ, मग झाडे आणि फेरीवाल्यांची नेमून दिलेली जागा, मग सायकल, मग बस, आणि उरलेल्या रुंदीत खासगी मोटार असा हिशेब बसविला, तर पदपथ सर्वत्र सारख्या रुंदीचा राहतो आणि मोटारींची रांगही एका ओळीत, शिस्तीने चालते.

रस्ता ओलांडण्याचा प्रश्न याहून बिकट. २४ मीटर रुंदीचा रस्ता धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालीने २० सेकंदांत पार करील. परंतु हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवाचे बोट असलेल्या आजीबाईंची चाल सेकंदाला ०.८ मीटर धरली, तर त्यांना ३० सेकंद लागणार. सिग्नलने १५ सेकंदांचा हिरवा दिवा दिला, तर त्या मध्यावर पोहोचल्या असतील तेव्हाच इंजिनांचा गुरगुराट सुरू होतो आणि डावीकडे वळणारी वाहने तर त्यांच्यासाठी थांबलेलीच नसतात. यावर आपल्याकडे वारंवार सुचविला जाणारा तोडगा म्हणजे पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग. मुंबईत २००८ पासून स्कायवॉक उभारण्यात आले. गर्दीच्या स्थानकांजवळच्या काहींचा उपयोग झाला, परंतु अनेक ठिकाणी लोक जिना चढून वर जाण्यापेक्षा खालूनच जाणे पसंत करीत राहिले. त्यात लोकांचा आळस पाहणे अन्यायाचे आहे. पायाने चालणाऱ्याने दोन मजले चढावे आणि उतरावे, म्हणजे पायाने केवळ एक कळ दाबणाऱ्याला थांबावे लागणार नाही, ही वाटणीच विषम आहे. त्यापेक्षा ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीला उचलून घेतलेली असावी, जेणेकरून मोटारीला तेथे गतिरोधकासारखे चढावे लागेल आणि पादचारी सपाट चालेल. मध्ये दुभाजकापाशी थांबण्यापुरती सुरक्षित जागा असावी. आणि चौकातील वळण इतके आवळलेले असावे की चालकाला वेग कमी केल्याखेरीज वळताच येऊ नये.

सायकलस्वाराची संकटे थोडी वेगळी. उभ्या मोटारीचे दार अवचित उघडते. पावसाळी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसविल्या असतील तर त्यांत चाक रुतते. आणि डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या किंवा डंपरच्या चालकाला आपल्या अगदी जवळ, डाव्या अंगाला आलेली सायकल आरशात दिसतच नाही. यांपैकी शेवटचे संकट सर्वांत घातक असल्यामुळे अवजड वाहन वळण्याच्या बेतात दिसताच त्याच्या मागे थांबणे, डाव्या फटीतून पुढे न शिरणे, हा नियम प्रत्येक सायकलस्वाराने अंगी बाणवावा. पुण्यात डिसेंबर २००६मध्ये स्वारगेटमार्गे हडपसर आणि कात्रज यांना जोडणारा, बसगाड्यांसाठी राखलेला बीआरटी मार्ग सुरू झाला, तेव्हा त्याच्याबरोबर सायकल मार्गही आखले गेले. पुढे २०१७ साली महापालिकेने शहराच्या सायकल आराखड्याला मंजुरी दिली. कागदावर उणीव नव्हती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सायकल मार्ग झाडापाशी किंवा बसथांब्यापाशी संपतो, कोठे त्यावर हातगाड्या, कोठे मोटारी उभ्या असतात, आणि चौक आला की, जेथे त्याची सर्वांत अधिक गरज, तेथे तो अदृश्य होतो. तुटक सायकल मार्गाचा उपयोग तुटक पुलाइतकाच.

आपल्या लोकांच्या स्वभावातच शिस्त नाही, परदेशांत हे साधते कारण तेथील माणसेच वेगळी, असा एक आक्षेप यावर हमखास घेतला जातो. या आक्षेपाला इतिहासाचा आधार नाही. हॉलंड हा देश आज सायकलस्वारांचा स्वर्ग मानला जातो. परंतु १९७१ साली त्याच देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले, मुलांच्या या हत्या थांबवा अशी त्यांची चळवळ उभी राहिली, १९७३च्या तेलटंचाईने तिला बळ दिले, आणि नंतरच्या दशकांत त्या देशाने आपले रस्तेच बदलले. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली असे धोरण स्वीकारले की माणूस चुकणारच हे गृहीत धरून रस्ता बांधावा, आणि चुकीची शिक्षा म्हणून प्राण जाऊ नयेत. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, निवासी भागांतील बहुतेक रस्त्यांवर ३०ची मर्यादा आली, आणि २०१९ या संपूर्ण वर्षात तेथे एकही पादचारी वाहनाखाली मेला नाही. चालकांची शिस्त तेथे अरुंद केलेल्या मार्गिकांनी, उचललेल्या चौकांनी आणि न चुकता लागणाऱ्या दंडाने लावली.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. ज्या जंगली महाराज रस्त्याच्या खड्डेविरहित पृष्ठभागाची कीर्ती पुणेकर १९७६ पासून सांगत आले, त्याच रस्त्याचे पदपथ अलीकडे रुंद करण्यात आले, तेथे बाके आली, मुलांना खेळण्याची साधने आली, आणि संध्याकाळी आजोबा, कॉलेजची मुले आणि लेकरांना घेऊन आलेल्या आया एकाच वाटेवर दिसू लागल्या. २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळला जातो आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. दुकानापुढे गाडी उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही ही व्यापाऱ्यांची भीती समजण्याजोगी आहे. परंतु लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीची खरेदी करणारी गर्दी पाहिली, तर दुकानात शिरणारा प्रत्येक जण अखेरीस पायीच शिरतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

कायद्याचे पाठबळही आता पूर्वीपेक्षा अधिक आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पादचारी आणि बिगर-यांत्रिक वाहने यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. रस्त्याच्या रचनेची वा देखभालीची मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले, तर जबाबदार यंत्रणेला व मक्तेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीने केली. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध आणि दिव्यांगांना वापरता येण्याजोगा पदपथ हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि त्याविषयी धोरण आखण्यास राज्यांना फर्मावले. पदपथ ही महापालिकेने सवडीने करावयाची मेहरबानी राहिलेली नाही.

पादचाऱ्याकडे आणि सायकलस्वाराकडेही काही कर्तव्ये उरतात, हे नाकारण्याचे कारण नाही. मोबाइलमध्ये डोके घालून रस्ता ओलांडू नये, उभ्या बसच्या पुढून धावू नये, पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने चालावे, आणि रात्री सायकलीला पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा अवश्य असावा. परंतु चालणाऱ्याच्या चुकीने सहसा त्याचा एकट्याचाच जीव धोक्यात येतो आणि हाकणाऱ्याच्या चुकीने दुसऱ्याचा जातो, म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा ज्याच्या हाती मोठे वाहन त्याच्याकडे, आणि त्याहून मोठा वाटा ज्याच्या हाती रस्त्याचा नकाशा त्याच्याकडे जातो.

वाचकांना विनंती एवढीच की आपल्या घराजवळचा पदपथ एकदा टेपने मोजावा, चौकातला पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो ते घड्याळ लावून पाहावे, आणि १.८ मीटर रुंदी व १५० मिलिमीटर उंची या दोन आकड्यांसह महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. मोघम तक्रार दप्तरात पडून राहते. मोजमापांसह आलेल्या अर्जाला मात्र लेखी उत्तर मागता येते, आणि ते समाधानकारक नसेल तर त्याच्या आधारे पुढे दादही मागता येते.