दहा कोटी वांग

चीनमध्ये वांग आडनावाची दहा कोटींहून अधिक माणसं आहेत. २०११च्या जनगणनेत आपला अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता. सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत जवळपास प्रत्येक दारावर एकाच आडनावाची पाटी लावली, तर वांग मंडळींचा पसारा डोळ्यांपुढे येईल. त्यांच्या शेजारी ली आडनावाचे आणखी दहा कोटी उभे करा. वांग, ली, झांग, ल्यू आणि चन या पाच आडनावांत चीनची जवळपास ३१ टक्के प्रजा मावते. वांग म्हणजे राजा, ली म्हणजे आलुबुखाऱ्याचं झाड, झांगच्या अक्षरात धनुष्य ताणण्याचा अर्थ आहे. नाव आणि आडनाव दोन्ही जुळणारे ‘झांग वेइ’ एकटेच तीन लाखांच्या घरात जातात. आइसलँड या देशाची एकूण लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. १४० कोटींच्या चीनमध्ये वापरात असलेली आडनावं साधारण सहा हजार. जेमतेम ३१ कोटींच्या अमेरिकेत २०१०च्या जनगणनेत आडनावं सापडली ६३ लाख! त्यातली ३९ लाख तर अशी, की ते आडनाव लावणारा माणूस साऱ्या देशात एकच. यातली काही नोंदणीतल्या चुकांमुळे जन्मली असतील, तरी दरी भयंकरच आहे. माणसं चौपट जास्त आणि आडनावं हजारपट कमी, हे कसं?

याचं उत्तर एका गणितात आहे आणि ते गणित मला फार अस्वस्थ करतं. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मोठमोठ्या घराण्यांची आडनावं नाहीशी होताना पाहून फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये एक कोडं घातलं: आडनाव पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याची शक्यता किती? ते सोडवायला पुढे आले हेन्री वॉटसन, पेशाने धर्मोपदेशक आणि व्यासंगाने गणिती. दोघांचा निबंध पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

आपणही तो हिशेब करून पाहू. हजार पुरुष घ्या, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा, पण सरासरीच. कुणाला दोन-तीन होतील, कुणाला एकही नाही, सगळं योगायोगावर. लोकसंख्या ना वाढते ना घटते. तरी पहिल्याच पिढीत सुमारे ३६८ आडनावं पुसली जातात. ना दुष्काळ, ना साथ, ना लढाई. पाचव्या पिढीपर्यंत ७३० गेलेली असतात, दहाव्या पिढीला हजारातली जेमतेम १६० उरतात. शंभराव्या पिढीला, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांनी, वीसच्या आसपास. माणसं मात्र अजूनही हजारभरच. ती सगळी या विसांत वाटली गेलेली. पुढे जात राहिलं तर शेवटी एकच आडनाव उरतं. (याच पद्धतीचं गणित पुढे अणुबॉम्बमधल्या साखळी-प्रक्रियेसाठी वापरलं गेलं. एका न्यूट्रॉनपासून किती न्यूट्रॉन जन्मतात, हा तसाच प्रश्न.)

चीनमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. आडनावं गळायला आणि उरलेली फुगायला तिथे भरपूर वेळ मिळाला. सुंग राजवटीच्या काळात रचलेल्या ‘शंभर आडनावां’च्या पाठावलीत प्रत्यक्षात पाचशेवर आडनावं होती आणि सम्राटांचं म्हणून ‘झाओ’ सगळ्यांत पहिलं. आज लोकसंख्येचा बहुतांश भाग खरोखरच शंभर आडनावांत आटोपतो. जपानमध्ये उलट. तिथल्या सामान्य प्रजेला आडनाव लावणं सक्तीचं झालं १८७५ साली. तेव्हापासून झाल्या जेमतेम सहा पिढ्या, म्हणून तिथे आजही लाखाहून अधिक आडनावं नांदतात.

या हिशेबात माझा जीव अडकतो तो दुसऱ्याच जागी. त्यात मुलींना खातंच नाही. पहिल्या पिढीत ‘मेलेल्या’ ३६८ घरांतल्या कितीतरी घरांत लेकी असतील, नातवंडं असतील, नाक-डोळे-स्वभाव सगळं पुढे गेलेलं असेल. संपली ती फक्त पाटी. घराणं बुडालं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच घडलेलं असतं.

अर्थात सगळंच योगायोगानं होत नाही. कोरियात दर पाच माणसांत एक किम आहे. किम म्हणजे सोनं. तिथे आडनाव हा आधी प्रतिष्ठितांचा मान होता आणि जातिभेदाची जुनी चौकट मोडली तेव्हा सामान्यांनी मोठ्या घराण्यांचीच आडनावं घेतली. फिलिपाइन्समध्ये तर ती सरकारनं वाटली. जो तो ‘दे ला क्रूझ’ किंवा ‘दे लोस सान्तोस’, त्यामुळे कर कुणाचा भरला नि कुणाचा राहिला हेच कळेना. मग १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया यांनी सुमारे साठ हजार आडनावांची अकारविल्हे यादी काढली आणि तिची पानं प्रांतोप्रांती धाडली. एखाद्या गावाच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली, की सारं गाव त्याच अक्षराचं. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात अजूनही ‘र’ने सुरू होणारी आडनावं जागोजागी भेटतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका टपालाची ही खूण!

आपल्याकडे आडनाव फार काळ प्रवाहीच होतं. वतन मिळालं की कुलकर्णी, देशमुख. गाव सोडलं की मागच्या गावाला ‘कर’ जोडायचा. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले. गोव्यातल्या मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर लावलं आणि ते आडनाव जगभर गेलं. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत. त्यातल्या प्रत्येकातून एक नवं आडनाव निघू शकतं. शिवाय आपलं मधलं नाव दर पिढीला बदलतं. आइसलँडमध्ये तर त्याच रिवाजावर सगळं चालतं: बापाच्या किंवा आईच्या नावापुढे मुलाला ‘सॉन’, मुलीला ‘डॉटिर’. तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीतही लोक पहिल्या नावानंच शोधावे लागत. दर पिढीला नवं, त्यामुळे मरण्याचा प्रश्नच नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नावही आणलं, हा मला या साऱ्या हिशेबातला योग्य बदल वाटतो. चीनमध्येही आई-वडील दोघांची आडनावं जोडून लावणारे २०१८ पर्यंत ११ लाख झाले होते, १९९०च्या जवळपास दहापट.

जपानचा कायदा मात्र उलट्या दिशेला आहे. नवरा-बायकोनं एकच आडनाव लावलं पाहिजे, अशी तिथे सक्ती आहे आणि सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बायकोच आपलं सोडते. म्हणजे प्रत्येक लग्नात एक आडनाव मागे पडतं. तिथलं सगळ्यांत मोठं आडनाव सातो. आज लोकसंख्येत त्याचा वाटा दीड टक्का. तोहोकू विद्यापीठाचे हिरोशी योशिदा यांनी २०२४ साली आकडेमोड करून दाखवलं, की हे असंच चाललं तर इ.स. २५३१ मध्ये जपानमधला प्रत्येक माणूस सातो असेल. इतक्या दूरच्या सालावर कुणी पैज लावू नये, पण दिशा खोटी नाही. त्यांनी दुसराही हिशेब मांडला: जोडप्यांना आपापलं आडनाव ठेवायची मुभा दिली, तर २५३१ मध्ये सातो आठ टक्क्यांच्या आसपासच असतील आणि सगळे सातो व्हायला ३३१० साल उजाडेल.