व्हॅनिलाचा अर्क : पथ्य आणि सावधगिरी

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे न्हावरे हे गाव घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांच्या परिचयाचे असले, तरी तेथल्या पर्जन्यछायेच्या शिवारात व्हॅनिलाचा वेल तग धरणार नाही. कारण मेक्सिकोच्या दमट अरण्यातून आलेल्या या ऑर्किडवर्गीय वेलीला सावली, आर्द्रता आणि आधाराला झाड लागते. तथापि वाढदिवसाच्या केकबरोबर व्हॅनिलाचा सुवास आता खेड्यापाड्यांतल्या घरांतही पोचला आहे. आणि माळकऱ्याच्या पंक्तीला तो चालतो काय, मुलांना द्यावा काय, त्यात खरोखरच दारू असते काय, हे प्रश्न गृहिणी विचारतात ते अगदी रास्त आहेत.

यांचे उत्तर हाती कोणती बाटली आहे यावर अवलंबून असते. खऱ्या अर्काचे मूळ शेंगेत आहे. व्हॅनिलाचे फूल उमलते ते जेमतेम एका दिवसापुरते, आणि मायभूमीबाहेर त्याचे परागीभवन हातानेच करावे लागते. ही युक्ती 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली, आणि आजही मळ्यांतून एकेक फूल बारीक काडीने उघडून त्याच रीतीने फळवले जाते. पुढे शेंग पिकायला आठ-नऊ महिने, ती गरम पाण्यातून काढून, घाम आणवून, वाळवून मुरवायला आणखी काही महिने. आणि एवढ्या खटाटोपानंतर तिच्यात व्हॅनिलिन हे सुगंधद्रव्य शेकडा दोनच्या आसपास भरते. 1874 साली जर्मनीत टीमान आणि हार्मान यांनी हेच द्रव्य सूचिपर्णी वृक्षांतील एका घटकापासून तयार केले, आणि स्वस्ताईचा मार्ग मोकळा झाला. आपल्या बाजारात इसेन्स म्हणून मिळते ते बहुधा असे कारखान्यात घडवलेले व्हॅनिलिनच होय.

खरा अर्क म्हणजे शेंगा मद्यार्कात भिजवून उतरवलेला रस. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात मद्यार्क शेकडा 35 हून कमी असता कामा नये. म्हणजे चहाच्या एका चमच्यात सुमारे पावणेदोन मिलिलिटर मद्यार्क येतो आणि तो अख्ख्या केकमध्ये विभागला जातो. भट्टीत तो सगळा उडून जातो ही समजूत मात्र पुरती खरी नाही. अमेरिकी शेतीखात्याच्या कोष्टकाप्रमाणे अर्ध्या तासाच्या भाजणीनंतरही त्याचा सुमारे तिसरा हिस्सा शिल्लक राहतो.

आपल्या कायद्याने या बाबीचा विचार फार पूर्वी केला आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यावर बालसरा खटल्यात 1951 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला, आणि पुढे त्या कायद्यात 24-अ हे कलम घालून, मादक पेय म्हणून पिण्यास अयोग्य अशा स्वादार्कांना मनाईतून मोकळे करण्यात आले. परंतु सरकारी मुभेने श्रद्धेचा प्रश्न सुटत नाही. तुळशीची माळ घातलेला वारकरी, जैन कुटुंब, मुसलमान शेजारी यांना मद्यार्काचा अंशही नको असेल, तर त्यांच्या नियमाचा मान राखावा, हे मला निर्विवाद वाटते. आणि त्यात अडचणही नाही, कारण अख्खी शेंग, तिची भुकटी किंवा वनस्पतिजन्य ग्लिसरिनमध्ये काढलेला अर्क वापरता येतो. इसेन्समध्येही द्रावक म्हणून मद्यार्क असू शकतो, म्हणून हिरवा ठिपका पाहून थांबू नये. घटकांची यादी अखेरपर्यंत वाचावी.

आरोग्याच्या लाभाविषयी पुष्कळ अतिशयोक्ती ऐकू येते. व्हॅनिलिनचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत ते बहुतांशी स्वयंपाकातल्या थेंबांपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत, आणि चमचाभर अर्कातून पोषण म्हणावे असे काहीच मिळत नाही. खरा उपयोग निराळाच आहे: या गंधाने पदार्थ आहे त्याहून गोड भासतो, त्यामुळे दुधात, खिरीत किंवा कस्टर्डमध्ये साखरेचा हात आखडता घेता येतो. मधुमेह्याच्या घरी हा लाभ लहान नव्हे. आणि उसाच्या मुलखात, जिथे साखर सढळ हाताने पडते, तिथे तर तो अगत्याने घ्यावा.

सावधगिरी मात्र खरीखुरी हवी. गोड वासाने भुलून लहान मुलाने बाटली तोंडाला लावली, तर तिच्यातला मद्यार्क त्याला घातक ठरू शकतो. तसे घडल्यास वेळ न दवडता दवाखाना गाठावा. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरॅम घेणाऱ्याने हा अर्क वर्ज्य समजावा, मेट्रोनिडॅझोल चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे, आणि व्यसनातून नुकत्याच सावरलेल्या माणसाच्या घरात ही बाटली ठेवूच नये. शेंगा हाताळणाऱ्यांपैकी काहींच्या त्वचेला खाज सुटते व पुरळ येते. परदेशातून कोणी अगदी स्वस्त अर्क आणला, तर त्यात टोंका बियांचे कुमारिन मिसळलेले असू शकते. यकृताला अपाय करणारे हे द्रव्य अन्नात घालण्यास अमेरिकेने 1954 सालीच बंदी केली. तेव्हा ज्या बाटलीवर घटकांचा तपशील छापलेला नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आणि घेतलेली बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.