ती तर घरच्यासारखीच!

अमेरिकेत मंत्रिपदाच्या वाटेत कोण आडवं येईल, सांगता येत नाही. विरोधी पक्ष असतो, वर्तमानपत्रं असतात. पण काही पदं चक्क घरकामाच्या बाईवरून हुकली आहेत.

मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते लिंडा चावेझबाईंचं प्रकरण. जानेवारी २००१ मध्ये धाकट्या बुशसाहेबांनी त्यांना कामगारमंत्री म्हणून निवडलं. बाई एकेकाळी शिक्षक संघटनेत काम केलेल्या, पण पुढे पक्क्या उजव्या विचारांच्या झालेल्या. किमान वेतन वाढवायला त्यांचा विरोध. सरकारने मालक आणि कामगार यांच्या मध्ये फार लुडबुड करू नये, हे त्यांचं मत. कामगार संघटना चिडल्या नसत्या तरच नवल! आणि तेवढ्यात बातमी फुटली: दहा वर्षांपूर्वी ग्वाटेमालाहून आलेली, कागदपत्रं नसलेली एक बाई त्यांच्या घरी राहायची, घरातली कामं करायची आणि बाई तिला अधूनमधून पैसे द्यायच्या. चावेझबाईंचं म्हणणं, ती नोकर नव्हतीच. अडलेल्या बाईला आसरा दिला, एवढंच. आठवड्याभरात, ९ जानेवारीला, त्यांनी माघार घेतली. आपल्याला माणसातून उठवायचा हा खेळ आहे, अशी त्यांची तक्रार होती.

माध्यमं उजव्यांनाच धारेवर धरतात, असं त्यांच्या बाजूचे लोक कायम म्हणतात. इथे मात्र मला ते पटत नाही. १९९३ मध्ये डेमोक्रॅट क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी निवडलेल्या झोई बेअर्ड अशाच कारणाने गेल्या. त्यांच्यानंतर नाव आलेल्या किंबा वुड यांनी तर कायदा मोडलाही नव्हता, कर भरलेला होता. तरी त्यांनाही मागे फिरावं लागलं. अखेर पद मिळालं जॅनेट रेनो यांना. अविवाहित, मूलबाळ नाही, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या बाईचा प्रश्नच नाही. आता बोला! त्याच वर्षी वाणिज्यमंत्री रॉन ब्राउन यांनीही साफसफाई करणाऱ्या बाईचा कर भरला नव्हता, असं उघड झालं. ते मात्र मंत्रिपदावर राहिले. पक्षपात शोधायचाच असेल तर इथे शोधावा.

उजव्यांचा एक मुद्दा मात्र रास्त होता. तीन महिन्यांत ५० डॉलर जरी दिले तरी कर भरा, असा तेव्हा तिथला नियम. एवढ्याशा पैशांसाठी कोण फॉर्म भरत बसणार? १९९४ मध्ये ती मर्यादा वर्षाला १००० डॉलर केली गेली. कायदा जाचक असेल तर तो बदलून घ्यावा, हे मला मान्य आहे. पण 'ती नोकर नव्हतीच' म्हटलं की कायद्याचा प्रश्नच मिटतो, आणि तिच्या हक्काचाही.

हे वाक्य आपल्याकडे कुणाला नवीन आहे? महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी करायची तर ती आपल्याकडे काम करते, असा मालकिणीचा दाखला लागतो. साधा कागद, खाली एक सही. आणि भल्या घरची, सणाला साडी देणारी, तिच्या मुलीची फी भरणारी बाईसुद्धा तो कागद पाहून म्हणते, "अगं, तू तर घरच्यासारखीच. हे कशाला मध्येच?"